हडकुळ्या पोरांच्या मुलखात लठ्ठपणाचा प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या झाडीपट्टीतल्या एखाद्या माध्यमिक शाळेत ‘कुमारवयातला लठ्ठपणा’ या विषयावर भाषण ठेवलं, तर पोरं एकमेकांना कोपर मारून हसतील. वर्गात जाड म्हणता येईल असा एखादाच, आणि त्याचं टोपणनाव सगळ्या शाळेला पाठ. बाकीच्यांचे सदरे हँगरला लटकवल्यासारखे अंगावर लोंबत असतात. गुरुजींनाही विषय परकाच वाटेल. त्यांच्या कपाटात आरोग्याचं जे सामान असतं ते सगळं कमतरतेचं: आठवड्याला द्यायची लोहाची निळी गोळी, वर्षातून दोनदा द्यायची जंताची गोळी, सिकलसेल तपासणीची यादी.

या हसण्याला आधार आहे. केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाचं देशभर सर्वेक्षण केलं. त्यात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं-मुली वयाच्या मानानं फार बारीक निघाली, आणि वजन जास्त असलेली जेमतेम ५ टक्के. ‘युनिसेफ’नं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की शाळकरी वयात लठ्ठ मुलांचं प्रमाण जगभरात पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा वर गेलं आहे, लठ्ठ ९.४ टक्के, कमी वजनाची ९.२. पण त्याच अहवालात दोन अपवाद नोंदवले आहेत, सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि आपला दक्षिण आशिया. तेव्हा झाडीपट्टीतल्या गुरुजींनी ‘हे पुण्या-मुंबईचं दुखणं’ म्हणून खांदे उडवले, तर त्यांना लगेच अडाणी ठरवायचं कारण नाही.

अडचण पुढे आहे. केंद्राच्या त्या सर्वेक्षणात मुलांचं रक्तही तपासलं होतं, आणि दर दहात एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. वजन विसात एकाचं जास्त, साखर दहात एकाची जास्त. साखर वाढलेल्यांतली निदान निम्मी मुलं वजनकाट्यावर ‘ठीक’ किंवा ‘बारीक’ म्हणून सुटणार, हे साधं गणित आहे. लठ्ठपणा रोखायचे जगभरचे बहुतेक कार्यक्रम वजनकाट्यावरून सुरू होतात. आपल्याकडे तो काटाच अर्धी गोष्ट लपवतो.

हे कोडं सोडवायला सुरुवात महाराष्ट्रातच झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. मात्र आपल्या बाळांत जी काटछाट झाली होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. चरबी त्या मानानं शाबूत होती. वरून हडकुळं, आतून चरबीचं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांचा आणि जॉन युडकिन या इंग्लिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वैद्यकीय नियतकालिकातला इतका मिश्कील आणि इतका कामाचा फोटो दुसरा मला ठाऊक नाही.

त्या सहा गावांच्या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी झाडीपट्टीला थेट लागू पडतात. गरोदरपणात शेतीची कष्टाची कामं जास्त केलेल्या बायांची बाळं लहान निघाली. आणि ज्या बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं चांगली भरलेली होती. नागभीडकडे रोवणी म्हणजे धानाचे पऱ्हे बांधीत लावायचं काम, भर पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून. ते बायाच करतात. जुलै-ऑगस्टमध्ये पोटुशी असलेली बाई रोवणीला जात नाही असं सहसा होत नाही, कारण वर्षातली बरी मजुरी तेव्हाच मिळते. तिची मुलगी चौदा वर्षांनी आठवीच्या बाकावर बसते, चाळीस किलोच्या आत-बाहेर, आणि आरोग्य पथकाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘बारीक’ लिहिलं जातं. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. अशा मुलीच्या हातात पाच रुपयांचा पुडा आला, चालणं कमी झालं, आणि तिशीपर्यंत आठ-दहा किलो वजन चढलं, तर ते मुख्यतः पोटावर चढतं. पुणे, मुंबई किंवा साउदॅम्प्टनच्या मानानं ती तेव्हाही जाड दिसणार नाही.

याचा शेवट कुठे होतो, तेही याच भागात मोजलं गेलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं; सातांतला एक मृत्यू लकव्यानं. मलेरिया, कुपोषण आणि नक्षल या तीन शब्दांत ज्या जिल्ह्याची बातमी संपते, त्या जिल्ह्यात. लकव्यामागे रक्तदाब असतो, तंबाखू असतो, दारू असते, मीठ असतं. सगळं काही लठ्ठपणावर ढकलता येत नाही आणि ढकलूही नये. पण शहरी समजले जाणारे आजार जंगलाच्या वेशीवर थांबलेले नाहीत.

मग शाळेनं आणि गावानं करायचं काय? जगात या प्रश्नावर पैसा आणि कागद भरपूर खर्च झाले आहेत. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेनं २०२४ मध्ये १२ ते १८ वयासाठीच्या ७४ चाचण्यांचा आढावा काढला. निष्कर्ष उत्साह वाढवणारा नाही. हालचालीवर भर देणाऱ्या कार्यक्रमांनी बीएमआय किंचित खाली येतो. नुसत्या आहारावर भर दिला तर जवळजवळ काहीच होत नाही. बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम परिसरातल्या ५४ प्राथमिक शाळा घेऊन त्यांतल्या सुमारे निम्म्या शाळांत वर्षभर रोज अर्धा तास जादा हालचाल, आईबापांसाठी स्वयंपाकाच्या कार्यशाळा, वर ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबची मदत, असा सगळा थाट केला. २०१८ मध्ये निकाल आला तो ‘फरक नाही’ असा. त्याआधी, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या दहा शाळांवरच्या अभ्यासात, दोन वर्षं चाललेल्या ‘प्लॅनेट हेल्थ’ कार्यक्रमानं मुलींमधला लठ्ठपणा कमी केला होता, मुलांमधला नाही. आणि मुलींच्या बाबतीतही मुख्य कारण टीव्हीपुढचे तास घटले हे होतं. आपल्याकडे दिल्लीत अकरावीच्या मुलांवर डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटानं सहा महिन्यांचा प्रयोग केला, त्यात पोटाचा घेर आणि उपाशीपोटीची साखर कमी झाली. सहा महिन्यांत, दिल्लीच्या शाळेत, डबा घेऊन येणाऱ्या मुलांत. तेवढ्यावरून नागभीडसाठी आराखडा काढता येत नाही.

या सगळ्या ढिगाऱ्यात उत्तर फ्रान्समधली दोन लहान गावं उठून दिसतात, फ्लरबे आणि लावांती. १९९२ मध्ये तिथे शाळेत आहाराचे धडे सुरू झाले. पहिली काही वर्षं मुलांचं वजन वाढतच राहिलं. मग नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, क्रीडा मंडळं, सगळेच त्यात उतरले. आहारतज्ज्ञ नेमले, मैदानं झाली, घराघरांत बोलणं झालं. २००४ मध्ये तिथे जास्त वजनाची मुलं ८.८ टक्के होती, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत १७.८. बारा वर्षं लागली. शाळेच्या भिंतीआडचा धडा पुरला नाही, गावाची घडी बदलली तेव्हा काटा हलला. हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो सरकारी वार्षिक आराखड्यात बसत नाही.

आता आपलं ताट बघू. झाडीपट्टी म्हणजे धान. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्यानं १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या बांधीत वेगळे दिसणारे लोंब वेचले आणि वर्षानुवर्षं निवड करत एक बारीक, देखणा तांदूळ तयार केला. एका व्यापाऱ्यानं त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. पुढे तो कित्येक राज्यांत पोचला. दादाजी २०१८ मध्ये गेले, हलाखीतच. मुद्दा असा की तालुक्यानं देशाला बारीक तांदूळ दिला आणि स्वतःही बारीक, पांढराशुभ्र, गिरणीतून घासून निघालेला तांदूळच खायला लागला. ढेकीचा कोंड्यासकट तांदूळ आता आजीच्या बोलण्यात उरला आहे. रेशनवरही तांदूळ. २०२५ मध्ये आलेल्या देशव्यापी ‘इंडियाब’ अभ्यासात भारतीयांच्या आहारातल्या ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि मधुमेहाच्या वाढीशी त्याचा संबंध आहे असं दिसलं. झाडीपट्टीत वेगळं मोजमाप करायची गरज नाही. ताटात डोकावलं की कळतं. भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण, कडेला चिमूटभर भाजी.

आणि हाच मुलूख एकेकाळी भाज्यांचा होता, अजूनही आहे. पहिल्या पावसात तरोटा, मग बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, रानात उगवणाऱ्या सात्या म्हणजे अळंबी, अंबाडी, तलावातले शिंगाडे, बोडीतली बारीक मासळी आणि झिंगे. धान निघालं की बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस, धुऱ्यावर तूर आणि पोपट म्हणजे वाल. मालगुजारीच्या काळातल्या तलावांनी नुसतं धानच पिकवलं नाही, मासळीही दिली. आज दहावीच्या पोराला डब्यात तरोट्याची भाजी दिली तर तो डबा लपवून खातो. ‘पोषण महिन्या’त अंगणवाडीत रानभाज्यांचं प्रदर्शन भरतं, थाळ्या मांडतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी भाज्या पुन्हा गरिबीच्या होतात. भाजीला प्रतिष्ठा मिळवून देणं हे फलकाचं काम नाही. ती शाळेच्या जेवणात, मास्तरच्या ताटात, रोज दिसायला हवी. जपानमध्ये दुपारचं जेवण हा शाळेचा तासच असतो. मुलंच वाढतात, मास्तर वर्गात बसून तेच जेवतो. २००५ मध्ये त्यांनी आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला.

शालेय पोषण आहार आपल्याकडेही आहे, आणि तो जगातल्या मोठ्या योजनांतला एक आहे. नियमानुसार सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, सातशे उष्मांक, वीस ग्रॅम प्रथिनं. कागदावर ताट वाईट नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून राज्यानं आठवड्याला एक अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं, अशी भर घातली. मुलांनी ती मनापासून स्वीकारली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला गेला आणि अंडा-पुलाव करायचाच तर लोकसहभागातून करा असं शाळांना सांगण्यात आलं. गोंडपिपरीत किंवा धानोऱ्यात लोकसहभाग कुणाकडे मागायचा, हे त्या कागदात नव्हतं.

त्याहून मोठी फट वयाची आहे. ही योजना आठवीला संपते. चौदाव्या वर्षी मुलगा एकदम वाढायला लागतो, मुलीची पाळी नुकतीच स्थिरावत असते, हाडं आणि स्नायू भरायचा हाच काळ, आणि नेमकं तेव्हाच शाळा ताट काढून घेते. नववीची मुलगी सकाळी नऊला घरून शिळ्या भातावर निघते आणि पाचला परतते. मधल्या सुट्टीत तिच्याकडे डबा नसला तर पाच-दहा रुपये असतात. आदिवासी विभागानं २०१८ मध्ये वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यावर टाकायचं ठरवलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे मोर्चा घेऊन निघाली होती. त्यांचा मुद्दा पैसे वेळेवर येत नाहीत आणि आले तरी पुरत नाहीत हा होता. आहाराच्या दृष्टीनंही तो मोर्चा बरोबर होता. सोळा वर्षांच्या, घरापासून लांब राहणाऱ्या पोराच्या खिशातला जेवणाचा पैसा डाळ-भाजीकडे जाईल की आलुबोंड्याकडे, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर काय चालतं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. पानठेला. वर पत्र्याला पुड्यांच्या लडी टांगलेल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. खाली बरणीत पोंगे, गोळ्या, थर्माकोलच्या पेटीत प्लास्टिकच्या नळीतली रंगीत ‘पेप्सी’. एका बाजूला ठेलेवाला प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटत असतो. सहावीतली पोरगी पुडा तोडून घेते, दातानं फाडते, मसाला बोटांना लागतो तो चाटते. नववीतला पोरगा पुड्याबरोबर खर्राही घेतो आणि तो कुणासाठी हे ठेलेवाला विचारत नाही. कायदा दोन्हींना आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायचा नाही, हा कायदा २००३ चा. शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, नूडल्स, बर्गर नको, हा महाराष्ट्राचा शासननिर्णय मे २०१७ चा. मीठ, साखर आणि तेल जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे वा त्यांची जाहिरात करायची नाही, हा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० चा. मुंबईच्या शाळेत उपाहारगृह असतं, म्हणून २०१७ चा निर्णय तिथे कळतो. झाडीपट्टीतल्या जिल्हा परिषद शाळेला उपाहारगृहच नाही. तिथलं उपाहारगृह म्हणजे हा ठेलाच, आणि पन्नास मीटर मोजायला अन्न निरीक्षक येईल तो चंद्रपूरहून.

शिवाय सरकारच्या दोन हातांना एकमेकांची खबर नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून लठ्ठपणाविरुद्ध तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं, मे महिन्यात सीबीएसईनं शाळांत साखरेचे फलक लावायला सांगितलं, आणि २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स यांवरचा जीएसटी घटून पाच टक्क्यांवर आला. गॅसभरल्या गोड पेयांवर मात्र चाळीस टक्क्यांचा भार कायम राहिला, तेवढं बरं. चिलीनं २०१६ मध्ये पुड्यांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि ते पुडे शाळेतून हद्दपार केले. आपल्याकडे पुड्याच्या पुढच्या बाजूला इशारा असावा की नाही, याचा वाद अनेक वर्षं चालूच आहे.

हालचालीचा भाग वेगळा, आणि इथे शहराचा अनुभव उसना घेऊन चालतच नाही. शहरात मुलं मैदान नाही म्हणून खेळत नाहीत. इथे मैदान आहे, शिकवणारा नाही. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायचा तो शंभराहून जास्त पट असेल तर. जंगलपट्ट्यातल्या गावच्या शाळेचा पट कधी शंभर होणार? मग खेळाचा तास म्हणजे गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले त्या दिवशीचा तास. दुसरीकडे कामातली मेहनतही घटते आहे. धान कापायला हार्वेस्टर येतो, पाणी नळाला येतं, दळण गिरणीत होतं. हे वाईट आहे असं म्हणणारा माणूस स्वतः धान कापायला गेलेला नसतो. पण शरीराचा तो हिशेब कुठून तरी भरून निघायला हवा.

राज्यातला खेडोपाडीचा सर्वांत मोठा व्यायाम-कार्यक्रम कुठला असं विचारलं तर मी मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली म्हणेन. मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना त्या मिळतात. हेतू शिक्षणाचा, शाळा सुटू नये हा. पण रोज सहा-आठ किलोमीटर पायडल मारणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या मांड्यांत जो स्नायू तयार होतो, तो कुठल्याही आरोग्य योजनेत नोंदला जात नाही. आणि या भागात त्या सायकलीचा शत्रू वाघ आहे. नागभीड ज्यात येतं तो ब्रह्मपुरी वनविभाग माणूस-वाघ संघर्षासाठी देशभर ओळखला जातो. रस्त्याच्या कडेला पाऊलखुणा दिसल्या, शेजारच्या गावात कुणी गेलं, की बाप मुलीला सायकलवर एकटी पाठवत नाही. मोटारसायकलवर सोडतो, नाहीतर घरी ठेवतो. बापाचं बरोबरच आहे. म्हणून इथल्या शारीरिक हालचालीच्या आराखड्यात वनविभागाची माणसं बसायला हवीत: शाळेच्या वाटेवरची झुडपं कापणं, मुलींच्या सायकलींचे जत्थे एका वेळी निघतील अशा शाळेच्या वेळा, थंडीत लवकर अंधारतं तेव्हा लवकर सुट्टी. लठ्ठपणावरच्या कुठल्याच परदेशी मार्गदर्शिकेत वाघाचं प्रकरण सापडणार नाही.

खेळाची आवड इथे उपजत आहे, आणि तिला हंगाम आहे. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं रंगतात आणि ‘भव्य कबड्डी सामने’चे फ्लेक्स लागतात. पोरं महिनाभर आधीपासून संध्याकाळी मातीत उतरतात. मुलींचे सामने त्या मानानं विरळा. मुलगी सातवी-आठवीपर्यंत खो-खोत पळते, पाळी आली की मैदानावरून नाहीशी होते, आणि ते कुणी ठरवलेलंही नसतं, होऊन जातं. कुमारवयात हालचाल कशी टिकवायची यावर एकच काम करायचं म्हटलं, तर मी मुलींचं कबड्डीचं पथक धरेन. गावच्या सामन्यांना ग्रामपंचायत, आमदार, कंत्राटदार वर्गणी देतातच. त्याच वर्गणीत मुलींचा गट ठेवा अशी अट घालायला शासननिर्णय लागत नाही.

राहिला मोजमापाचा प्रश्न, आणि त्यातला काटा. मोजायला तर हवंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले, पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यात प्रौढपणीच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा आहेत, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी जुळणाऱ्या नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं तेव्हा वजन-उंचीसोबत कमरेचा घेर मोजायला एक टेप पुरते, आणि हडकुळ्या-पोटाळ्या मुलाला वजनापेक्षा ती लवकर ओळखते. पण सिंगापूरची गोष्ट विसरू नये. तिथे १९९२ पासून जाड मुलांना वेगळं काढून मधल्या सुट्टीत पळवलं जाई. शालेय लठ्ठपणा सुमारे १४ टक्क्यांवरून दहाच्या खाली आला. चिडवाचिडवी आणि खाण्याच्या विकृती यांबद्दलची टीका वाढत गेली, आणि २००७ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद करून सगळ्याच मुलांसाठीचा नवा आराखडा आणला. आपल्या वर्गात वजन अजूनही मोठ्यानं वाचून दाखवतात. ‘छत्तीस!’ म्हटलं की एक बाजू हसते, ‘सत्तर!’ म्हटलं की दुसरी. रांग बाहेर, काटा आत, आकडा फक्त कागदावर, एवढं केलं तरी अर्धा अपमान टळेल.

योजना कमी नाहीत. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण आणि असंसर्गजन्य आजार हे दोन्ही विषय आहेत, गावात ‘साथिया’ म्हणून त्याच वयाची मुलं-मुली नेमायची आहेत. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत. या दोन शिक्षकांकडेच मतदार यादी, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराचा हिशेबही असतो. नव्या योजनेपेक्षा मला इथली जुनी ताकद जास्त भरवशाची वाटते. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, त्यातही बायांच्या, आंदोलनामुळे. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत टिकून आहे. २०१६ पासून ‘सर्च’, शासन आणि टाटा ट्रस्ट यांचं ‘मुक्तिपथ’ गावोगाव संघटना उभ्या करून दारू आणि खर्रा यांच्या विक्रीवर गावाचाच वचक बसवायचा प्रयत्न करतं आहे. त्यात सगळीकडे यश आलं असं नाही. पण फ्लरबे आणि लावांतीनं बारा वर्षांत जे उभं केलं, त्याला लागणारी गावानं एकत्र बैठकीला बसून ठरवायची सवय इथे आधीपासून आहे. पानठेला तोच, गिऱ्हाईक तेच. खर्ऱ्याबरोबर पुड्यांच्या लडीही त्याच बैठकीत विषयपत्रिकेवर घेता येतील.

तिथे ठेलेवाला विचारेल, मी काय विकू? प्रश्न रास्त आहे. तोही गावचाच, बहुतेक वेळा दीड एकर धानवाला. पुड्याच्या लडीला फ्रीज लागत नाही, ती सडत नाही, कंपनीचा माणूस दारात आणून देतो आणि नफा ठरलेला असतो. उकडलेलं अंडं, भिजवलेले चणे, केळी, उकडलेले शिंगाडे हे रोजच्या रोज खपले नाहीत तर नुकसान त्याचं. ते नुकसान पहिलं वर्षभर महिला बचत गटानं की ग्रामपंचायतीनं सोसायचं, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेनं रोज ठरावीक अंडी त्याच ठेल्यावरून घ्यायची का, हे दोन प्रश्न सुटले तर पन्नास मीटरचा नियम मोजायला कुणी चंद्रपूरहून यायची गरज नाही.